पातेल्यातला भूगोल

प्रिय सानिका आणि ईशान,

मागच्या सोमवारी फोनवर ईशानने विचारलं, "आजी, तू रिटायर झालीस ना? मग आठवडाभर कुठे होतीस?" मी "कोकणात, शिकवायला" एवढंच म्हटलं आणि तेवढ्यात तुमची स्कूलबस आली. उरलेलं उत्तर आता सविस्तर लिहिते आहे. हॅलिफॅक्सला तुमच्या दारातच समुद्र आहे, त्यामुळे निम्मी गोष्ट तुम्हाला आधीच माहीत असेल.

तुम्हाला ठाऊक आहे की मी पस्तीस वर्षं कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलं. निवृत्त झाल्यावर मी दुसरं काम धरलं. कॉलेजच्या शिक्षकांना ऑनलाइन कसं शिकवायचं ते शिकवायचं, आणि तेही इंटरनेटवर मोफत मिळणारी पुस्तकं, नकाशे आणि चलचित्रं वापरून. या वेळी बोलावणं रायगडच्या किनाऱ्यावरून आलं होतं. दिघीपासून अर्ध्या तासावरचं एक लहान कॉलेज. चार दिवस आणि चौदा शिक्षक.

सोमवार: घाटाखाली

पुण्याहून ताम्हिणी घाट उतरून माणगाव, मग म्हसळा. रस्त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. मी झोपले होते. जागी झाले तेव्हा दोन्ही बाजूंना सुपारीच्या बागा होत्या आणि हवा इतकी दमट की चष्मा पुसून पुसून रुमाल ओला झाला.

माझी राहण्याची सोय अशाच एका बागेतल्या घरी होती. जेवायला तांदळाची भाकरी आणि कडव्या वालांची उसळ. मी मासे खात नाही हे कळल्यावर घरमालकीणबाईंच्या चेहऱ्यावर असं दुःख उमटलं, की मला आपण त्यांना काही वाईट बातमी सांगितली असं वाटलं. "मग तुम्ही इकडं आलात तरी कशाला?" त्यांनी अगदी मनापासून विचारलं.

मंगळवार आणि बुधवार: कॉलेजात

पहिल्याच सकाळी माझी फजिती झाली. भरती-ओहोटी समजावणारं एक सुंदर चलचित्र मी निवडून ठेवलं होतं. पृथ्वी फिरते, चंद्र फिरतो, निळं पाणी फुगतं. कॉलेजचं नेटवर्क चांगलं असेल असं धरून मी ते उतरवून आणलं नव्हतं. पडद्यावर एक पांढरं वर्तुळ फिरत राहिलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मागच्या बाकावरून इतिहासाचे घरत सर म्हणाले, "मॅडम, हे फिरतंय तीच पृथ्वी काय?"

सगळे हसले, मीही हसले. घरत सर पन्नाशीचे, दणकट, शर्टाच्या खिशात चार पेनं. मोफत साहित्यावर त्यांचा मुळीच विश्वास नव्हता. "फुकट देतात म्हणजे त्यात खोट असणार," असं ते दिवसातून तीनदा म्हणायचे. ही पुस्तकं आपण बदलू शकतो, आपली उदाहरणं त्यात घालू शकतो, लेखकानेच तशी परवानगी दिलेली असते, हे मी सांगितल्यावर ते म्हणाले, "दुसऱ्याचं पुस्तक बदलायचं? आमच्या सासऱ्यांनी आमचं घर बदललं होतं असंच. परवानगी मीच दिलेली."

दर कार्यशाळेत मी एक तक्ता देते. प्रत्येक शिक्षकाने एक नमुना धडा करायचा आणि मी त्याला पंचवीसपैकी गुण द्यायचे. व्हिडिओ दहा मिनिटांच्या आत हवा, चित्रं हवीत, शेवटी एक प्रश्न हवा, आणि चौथा नियम: वाक्यं लिहून घ्यायला सांगायची नाहीत. हा तक्ता मी स्वतः केलेला आहे आणि मला त्याचा अभिमान होता.

चौथा नियम तुम्हाला विचित्र वाटेल, म्हणून समजावते. आपल्याकडे पुष्कळ शिक्षक वर्गात नोट्स सांगतात. म्हणजे एक वाक्य सावकाश म्हणायचं, मुलांनी ते वहीत उतरवायचं, मग पुढचं वाक्य. तुमच्या शाळेत असं कुणी केलं तर पालक तक्रार करतील. इथे नोट्स सांगितल्या नाहीत तर पालक तक्रार करतात. व्हिडिओत मात्र त्याला काही अर्थ नाही असं माझं ठाम मत होतं. मुलं व्हिडिओ थांबवू शकतात, मागे नेऊ शकतात. मग सावकाश कशाला बोलायचं?

बुधवारी शमीम मॅडमनी आपला धडा दाखवला. त्या भूगोल शिकवतात. चाळिशीच्या आसपास वय, अंगाने बारीक, डोक्यावर नीट घेतलेली ओढणी, आवाज हळू पण स्वच्छ. त्यांचा व्हिडिओ चौतीस मिनिटांचा होता. त्यात चित्र एकही नाही. नुसती एक भिंत, भिंतीपुढे त्या, आणि आवाज: "समुद्राचे पाणी ठरावीक वेळाने वर चढते, स्वल्पविराम, त्यास भरती म्हणतात, पूर्णविराम. पुन्हा सांगते."

वर्गात हशा पिकला. घरत सरांनी तर खिशातलं पेन काढून लिहायला घेतलं.

मी त्यांना व्हिडिओ थांबवण्याचं माझं नेहमीचं स्पष्टीकरण दिलं. त्या "जी मॅडम" एवढंच म्हणाल्या. मी पंचवीसपैकी नऊ गुण दिले आणि खाली लिहिलं, 'पुन्हा करावे.' तेरा गुणांना पास होतं.

दुपारी प्राचार्यांनी मला खोलीत बोलावलं. सज्जन माणूस, पण कायम कुणीतरी रागावेल अशा काळजीत असलेले. भूगोलाच्या तिसऱ्या वर्षाला अकरा मुलं येणार होती. त्यांतल्या नऊ मुली खाडीपलीकडच्या, आगरदांड्याच्या बाजूच्या. एरवी त्या दिघीच्या फेरीबोटीने येतात. पावसाळ्यात वारा उठला की बोट बंद, आणि रस्त्याने यायचं तर काही तासांचा वळसा. गेल्या वर्षी त्यांची हजेरी भरली नव्हती. मोठ्या मिनतवारीने परीक्षेला बसू दिलं होतं.

"यंदा पावसाळ्याचे महिने त्यांना ऑनलाइन शिकवायची सोय झाली तरच तिसरं वर्ष चालू ठेवणार," प्राचार्य म्हणाले. "शमीम मॅडमचा धडा तुम्ही पास केलात की मी पुढं कागद पाठवतो. नाही केलात तर दोन मुलांसाठी वर्ग चालवता येत नाही."

"आणि त्या नऊ मुली?"

"होस्टेलवर त्यांना कुणी ठेवणार नाही मॅडम. दुसऱ्या वर्षावर थांबतील."

हे मला नऊ गुण देण्याआधी माहीत नव्हतं. माहीत असतं तरी मी नऊच दिले असते, कारण धडा माझ्या तक्त्यात बसत नव्हता. संध्याकाळी शमीम मॅडमनी सुधारलेला धडा आणला. आता तो चौदा मिनिटांचा होता, पण त्यांनी त्यातून ती भिंत आणि स्वतःलाही काढून टाकलं होतं! नुसता आवाज. स्वल्पविराम, पूर्णविराम सगळे जागच्या जागी.

मी जरा चिडून म्हटलं, "मी नेमकं उलट सांगितलं होतं."

त्या म्हणाल्या, "मॅडम, तकलीफ होणार नसेल तर उद्या माझ्याबरोबर पलीकडे याल? मला बोलून सांगता येत नाही. दाखवता येईल."

गुरुवार: पलीकडे

बाकीच्या शिक्षकांना आपापसात सराव करायला सांगितला आणि सकाळी आधी शमीम मॅडमच्या घरी गेलो. त्यांच्या अम्मींनी सांदण आणि नारळाचं गोड दूध पुढे ठेवलं. आपल्या घरी सांदणं म्हणजे फणसाच्या रसाची पिवळी. ही पांढरी, जाळीदार आणि इतकी हलकी, की मी चार कधी खाल्ली ते कळलं नाही. "नऊ मार्क देणाऱ्या मॅडम त्या याच?" अम्मींनी शमीमना विचारलं, मला ऐकू जाईल इतपत मोठ्याने. आणि पाचवं सांदण वाढलं.

दिघीची फेरीबोट म्हणजे लोखंडाचा एक तरंगता तुकडा. मोटारी, मोटरसायकली, माशांच्या पाट्या घेतलेल्या बायका आणि एक शेळी, सगळे एका पातळीवर. खाडीच्या तोंडाशी जंजिरा दिसतो. तुम्ही किल्ल्यांची चित्रं काढता तशी भिंत थेट पाण्यातून वर आलेली. पंधरा-वीस मिनिटांत पलीकडे पोचलो.

तिथून रिक्षाने एका कोळीवाड्यात. पावसाळ्याच्या बेगमीचे दिवस होते. बांबूंच्या मांडवांवर बोंबील वाळत होते, सगळ्या वस्तीला तोच वास. पहिली दहा मिनिटं मी तोंडाने श्वास घेतला, नंतर विसरले. प्राजक्ता नावाच्या मुलीच्या घरी, पडवीत, पाच मुली वह्या घेऊन बसल्या होत्या. तिघी कोळी वस्तीतल्या, दोघी शेजारच्या मोहल्ल्यातल्या. बाकीच्या चौघी सुकी मासळी भरायला गेल्या होत्या. त्या संध्याकाळी या पाच वह्यांवरून लिहून घेणार होत्या.

"फोन कुठाय?" शमीम मॅडमनी विचारलं.

"आत्ता मिळाला," प्राजक्ता म्हणाली.

फोन तिच्या वडिलांचा. पहाटे तो त्यांच्याबरोबर बोटीवर जातो, दुपारी त्यांच्याबरोबर परत येतो. ते जेवून झोपले की तीन तास फोन मुलींचा. आतून घोरण्याचा आवाज येत होता.

"जागे होतील ना आवाजानं?" मी प्राजक्ताच्या आईला विचारलं.

"ते?" त्या हसल्या. "कानाशी ढोल वाजवला तरी उठायचे न्हाय. तुम्ही खुशाल चालू द्या, बाय."

आणि मग प्राजक्ताने जे केलं त्याने माझा सगळा तक्ता निकालात काढला. तिने आतून एक मोठं स्टीलचं पातेलं आणलं, पाचजणींच्या मध्ये ठेवलं, शमीम मॅडमनी पाठवलेला धडा सुरू केला आणि फोन पातेल्यात उभा केला. फोनचा आवाज बारीक. पातेल्यात घातल्यावर तो घुमून पाचहीजणींना नीट ऐकू येतो. त्याच क्षणी पडदा मात्र कुणालाच दिसेनासा होतो. आणि थांबवायचं म्हटलं तर दर वाक्याला फोन बाहेर काढावा लागतो.

व्हिडिओत मी सांगितलेली चित्रं असती तर ती पातेल्याच्या तळाला दिसली असती.

पातेल्यातून शमीम मॅडमचा आवाज येत होता. "पानाच्या मधोमध बांगडी ठेवा. बांगडी नसेल तर डब्याचं झाकण. त्याभोवती पेन्सिल फिरवा. ही पृथ्वी, पूर्णविराम. आता बांगडीच्या डावीकडे चार बोटं सोडून रुपयाचं नाणं ठेवा. हा चंद्र."

मी एका मुलीकडून पान मागून घेतलं, हातातली पाटली काढली आणि बसले. चंद्राच्या बाजूला पाणी एक बोट फुगवायचं. विरुद्ध बाजूलाही एक बोट. वर आणि खाली पाणी पृथ्वीला चिकटलेलं. "अंड्यासारखं दिसलं तर बरोबर आहे, पूर्णविराम." माझं अंडं जरा वाकडं आलं.

"सूर्य या पानात मावणार नाही," पातेलं म्हणालं. "तुमच्या डाव्या हाताला बसलेल्या मैत्रिणीच्या जागी सूर्य आहे असं समजा. ती हसली तरी चालेल, तिने हलायचं नाही. सूर्य आणि चंद्र एका बाजूला आले, ही अमावास्या. आज उधाण."

मुली खरोखरच एकमेकींकडे बघून हसल्या. कुणी हललं नाही. मग सूर्य समोर बसलेल्या मुलीच्या जागी गेला, चंद्राशी काटकोन झाला, पाण्याचा फुगवटा कमी झाला आणि भांगाची भरती आली. उधाण आणि भांग हे शब्द या मुलींनी जन्मापासून ऐकलेले. बोटी केव्हा काढायच्या ते त्यावरच ठरतं. आज त्यांना त्याचं कारण कळत होतं. पस्तीस वर्षं हा विषय फळ्यावर काढणाऱ्या मला त्या आकृतीत एकही चूक सापडली नाही.

धडा संपल्यावर प्राजक्ताने विचारलं, "मॅडम, चंद्र हिकडं हाय. मग तिकडचं पाणी का फुगतं?"

शमीम मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. "हे तुम्हीच सांगा. मी फोनवर घेते, धड्याला जोडीन."

मी आनंदाने सुरुवात केली. चंद्र जवळच्या पाण्याला सर्वांत जास्त ओढतो, मधल्या पृथ्वीला त्याहून कमी आणि पलीकडच्या पाण्याला सर्वांत कमी, म्हणून ते पाणी मागे राहतं आणि फुगलेलं दिसतं. माझ्या मते मी अगदी सावकाश बोलले.

"'जवळच्या पाण्याला'च्या पुढं काय, मॅडम?" एकीने विचारलं.

दुसऱ्यांदा सांगितलं. आता त्या 'मधल्या पृथ्वीला'पाशी अडकल्या. प्राजक्ताची आई दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "आमच्या मॅडमसारखं बोला की. तुमची बोट लय जोरात जाते."

तिसऱ्या वेळी मी स्वल्पविरामही उच्चारले. प्रत्येक वाक्यानंतर थांबले आणि पाच पेनं थांबेपर्यंत पुढे गेले नाही. हे किती कठीण आहे! वाक्य असं बांधावं लागतं की तुकडा तुटला तरी अर्थ तुटणार नाही. शमीम मॅडम अकरा वर्षं हे करत आहेत, आणि मी त्याला नऊ गुण दिले होते.

परतीच्या बोटीवर मी त्यांना म्हटलं, "माझं चुकलं."

"तुमचं नाही मॅडम," त्या म्हणाल्या. "तुम्ही पातेलं पाहिलं नव्हतं."

शुक्रवार: पुन्हा कॉलेजात

इथे एक अडचण होती. एका व्यक्तीसाठी नियम बदलणं मला पटत नाही. तुम्ही दोघं पत्ते खेळताना मी ते करू देत नाही. म्हणून पहाटे बसून मी तक्ताच नवा केला. दहा मिनिटांचा, चित्रांचा आणि लिहून घेण्याविरुद्धचा, असे तीन नियम काढले आणि त्यांच्या जागी लिहिलं: 'पडदा न पाहता धडा समजतो का?' आणि जाहीर केलं की चौदाही धड्यांना नवे गुण मिळतील. कँटीनमधून चहाचं पातेलं धुऊन मागवलं.

प्राचार्यही येऊन बसले. एकेक धडा पातेल्यात गेला. घरत सरांचा जंजिऱ्यावरचा व्हिडिओ बुधवारी सगळ्यांत सुंदर ठरला होता. मी एकवीस गुण दिले होते. पातेल्यातून आधी तुतारी वाजली. मग घरत सर म्हणाले, "हा बघा बुरुज." पुन्हा तुतारी. "आणि ह्या इथून तोफ." तुतारी.

"सर, तोफ कुठाय?" गणिताच्या शिक्षिकेने पातेल्यात वाकून विचारलं.

घरत सरांना मी नवीन तक्त्यात अकरा दिले. ते नापास! "मॅडम, माझ्या किल्ल्यानं तुमचं काय बिघडवलं?" त्यांनी विचारलं, पण लगेच कागद घेऊन बुरुजाचं वर्णन शब्दांत लिहायला बसलेही.

शेवटी शमीम मॅडमचा धडा. बांगड्या असलेल्यांनी बांगड्या काढल्या. घरत सरांनी चहाचा ग्लास उपडा घातला. प्राचार्यांनी आधी नुसतं ऐकायचं ठरवलं होतं, पण दोन मिनिटांनी शिपायाकडून कागद मागवला आणि खिशातून रुपया काढला. शेजारी बसलेल्या घरत सरांना ते गंभीरपणे म्हणाले, "हलू नका. तुम्ही सूर्य आहात."

मी वीस गुण दिले. आवाज दोन ठिकाणी वाऱ्याने तुटला होता, त्याचे कापले.

प्राचार्य आपली आकृती बघत राहिले. "नियम तुम्हीच केला होता, मॅडम. आता तुम्हीच बदलताय. वर कुणी विचारलं तर?"

"पहिला चुकीचा होता, असं लिहून सही करते," मी म्हटलं, आणि तसं लिहून दिलं.

त्यांनी दोनदा वाचलं. "व्हिडिओ नाही, नुसता आवाज. ऑनलाइन म्हणतील का याला?"

"मुली म्हणतील," शमीम मॅडम म्हणाल्या. चार दिवसांत त्या पहिल्यांदाच न विचारता मध्ये बोलल्या.

प्राचार्यांनी पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं, पुन्हा काढलं. "पावसाळ्यापुरतं. दिवाळीनंतर नऊही जणी वर्गात हजर पाहिजेत. आणि पहिल्या चाचणीत एकही नापास झाली तर मी ही सोय बंद करीन." मग सही केली. वर्गात कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे आपापल्या बांगड्या हातात चढवत होते.

त्याच बैठकीत शमीम मॅडमनी आपला धडा सर्वांसाठी मोफत खुला केला. कुणीही घ्यावा, बदलावा, पुढे द्यावा. घरत सर म्हणाले, "म्हणजे फुकट?" आणि स्वतःच उत्तर दिलं, "ह्यात मात्र खोट दिसत न्हाय."

शनिवार: निघताना

शमीम मॅडमनी शुक्रवारी दुपारीच प्राजक्ताच्या वडिलांच्या फोनवर निरोप पाठवला होता. पण त्या दिवशी बोट लांब गेली होती, आणि फोन बोटीबरोबर. निरोप पोचल्याची खूण उमटेना. माझी गाडी शनिवारी सकाळी दहाला निघायची होती. मी ड्रायव्हरला जेवून घ्यायला सांगितलं आणि कॉलेजच्या व्हरांड्यात शमीम मॅडमशेजारी बसून राहिले. त्या दर दोन मिनिटांनी फोनकडे बघायच्या आणि तो पालथा ठेवायच्या.

साडेबाराला फोन वाजला. प्राजक्ताचा आवाज, मागे बोंबील उलटणाऱ्या बायकांचा गलका. तिने ना आनंदाचा शब्द उच्चारला ना आभाराचा. धापा टाकत एवढंच विचारलं, "मॅडम, बाबा मुरूडच्या बाजाराला निघालेत. तिसऱ्या वर्षाला वही कितीची आणायला सांगू?"

शमीम मॅडमनी ओढणीने डोळे पुसले, घसा साफ केला आणि एकेक शब्द सुटा करून सांगितलं, "दोनशे पानी. नऊ आण."